बांधालगतची माती

प्लास्टिकने आच्छादलेल्या शेवटच्या टनेलमधली मेथी कडेने पिवळी पडायला लागली होती. सुमनला आधी वाटलं, पाणी जास्त झालं. मग वाटलं, कमी झालं. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी ती गुडघ्यांखाली पोतं घेऊन खुरपत बसली होती, तर पोत्यातून गुडघ्यांना ओल लागली. आठवडाभर पाऊस नव्हता. तिने रबरी मोजा काढला, वाफ्याच्या कडेला बोट खुपसलं आणि जिभेला लावलं.

"अहो," तिने हाक मारली. "इकडं या जरा."

विष्णू प्लास्टिकच्या क्रेटवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. मांडीवरचा पाला झटकून तो आला.

"काय झालं?"

"ही माती चाखा."

"मी कशाला माती चाखू?"

"चाखा म्हणते ना."

त्याने चाखली आणि थुंकली. मग दोघंही टनेलच्या उघड्या तोंडातून बाहेर बघत राहिले. हाकेच्या अंतरावर समुद्राचा बांध होता, गवताने झाकलेला, त्यांच्या घराच्या खिडक्यांहून उंच. पलीकडे चिखलाची दलदल आणि त्यापलीकडे समुद्र. भरतीला समुद्र येऊन बांधाला टेकायचा, आणि तेव्हा त्याचं पाणी विष्णूच्या शेताहून वर असायचं. विंडर्स एंड या गावातली सगळी जमीन अशीच, मागच्या लोकांनी समुद्राकडून हिसकावून घेतलेली. इंग्लंडच्या पूर्वेला, लिंकनशरच्या त्या किनाऱ्यावर कुणाला त्याचं नवल वाटत नाही. बांध आहे तोवर शेत आहे, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

विष्णू शेलार मूळचा फलटणकडचा. कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात तो फिटर होता. कारखाना बंद झाला तेव्हा बरोबरीच्या लोकांनी दुकानं टाकली, टॅक्स्या घेतल्या. याने ही जमीन घेतली. लोक म्हणाले, शेलाराचं डोकं फिरलं. त्याने कुणाचं ऐकलं नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा पिकवायचा आणि आठवड्यातून दोनदा व्हॅन भरून कॉव्हेंट्री आणि लेस्टरच्या दुकानांत टाकायचा, असा त्याचा क्रम बसला होता. या देशात कुणापुढे हात पसरला नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो पाहुण्यांना ऐकवायचा, पोरीला ऐकवायचा, आणि कुणी नसलं तर सुमनला होतीच.

टनेलं उभी केली तेव्हा कौन्सिलने अडवलं होतं. प्लास्टिकने गावाची शोभा जाते म्हणे. ओसाड वाऱ्याशिवाय त्या गावात शोभेचं काय होतं, देव जाणे. तेव्हा इथले खासदार मि. ह्यू ऑल्डरसन मध्ये पडले. कष्ट करणाऱ्याच्या वाटेत सरकारने येऊ नये, असं त्यांनी कौन्सिलला सुनावलं आणि टनेलं राहिली. तेव्हापासून विष्णू त्यांचा भक्त झाला. गेल्या एप्रिलच्या निवडणुकीत त्याने त्यांच्या पक्षाचा निळा फलक आपल्या शेतात रोवला होता. अख्ख्या गल्लीत तो एकच.

मातीला मिठाची चव लागली, त्याच दुपारी शेजारचा जॉर्ज पिंचबेक आला. जॉर्ज बटाटे आणि कोबी करायचा. बापजाद्यांपासून तिथलाच. त्याने चिखलात बूट रोवून टनेलच्या कडेची ओल बघितली.

"माझ्याकडंही आहे," तो म्हणाला. "उधाणाच्या भरतीला बांध पाझरतो. बांधांचं बघणाऱ्या सरकारी बोर्डाचा इंजिनियर म्हणाला, वरून उंच करायला हवा आणि आतून मातीचा भर द्यायला हवा. पण वरून मंजुरी पाहिजे. ऑल्डरसन त्याच्या विरोधात आहे."

"विरोधात कसे असतील? त्यांनी बांध बघितला नसेल."

"तेच म्हणतो मी. तो पुढच्या आठवड्यात तुझ्याकडं येणार आहे ना, फोटो काढायला? माझ्या घरी तो येणार नाही, विश. तुझ्या घरी येईल. त्याला बांधावर ने आणि ओल दाखव. आम्हा सगळ्यांच्या वतीने एवढं कर."

विष्णूची छाती फुगली. गल्लीने त्याच्यावर काही सोपवलं, असं पहिल्यांदाच होत होतं.

मि. ऑल्डरसन आले ते पेपरचा फोटोग्राफर घेऊन. उंच, लालबुंद चेहऱ्याचा, मोकळा हसणारा माणूस. बूट चिखलात घालताना त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, हे सुमनलाही आवडलं. टनेलमध्ये मेथीची जुडी हातात घेऊन त्यांनी फोटो दिला, आणि मग विष्णूने त्यांना घरात आणलं. सुमनने मेथीची भजी तळली होती, शिरा केला होता. मीनल ही शेलारांची मुलगी, कॉलेजात जाणारी. ती बशा आणून ठेवत होती.

"अप्रतिम," मि. ऑल्डरसन म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन भजी घेतली. "मि. शेलार, मला रोज कुणीतरी भेटतं. एकाला रस्ता हवा, दुसऱ्याला पूल, तिसऱ्याला शाळेवर छप्पर. आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं, हीच अडचण आहे. पण सरकारकडे स्वतःचा पैसा नसतोच. तो तुमच्या व्हॅनमधून येतो. यांच्या हातांतून येतो."

त्यांनी सुमनच्या हातांकडे बोट केलं. पाल्याने बोटं हिरवीकाळी झाली होती, नखांत माती होती. तिने हात ॲप्रनखाली घेतले.

"अगदी खरं आहे सर," विष्णू म्हणाला. त्याला ते खरंच पटत होतं.

"माणसाला मोकळं सोडा, तो आपलं बघून घेतो. तुम्ही त्याचं जिवंत उदाहरण आहात. कौन्सिलने तुम्हाला किती छळलं!"

"तुमची कृपा सर."

सुमन त्याच्याकडे बघत होती. बांधाचं कधी काढणार, असं तिने डोळ्यांनी दोनदा विचारलं. विष्णूने बशीकडे नजर वळवून तिला थांबवलं. पाहुणा जेवतोय. घासाघासाला गाऱ्हाणं कसं मांडायचं? खाणं होऊ दे, मग बांधावर नेऊ, असं त्याचं ठरलं होतं.

चहाचा कप खाली ठेवत मि. ऑल्डरसननी आपणहून विचारलं, "बरं, आता सांगा. मी तुमच्यासाठी काही करू शकतो का?"

मीनल दारात थांबली.

"नाही नाही सर," विष्णू हात जोडून म्हणाला. "आम्हाला काही नको. तुम्ही आलात, खूप झालं."

आणि तो थांबला. आपल्याकडे पाहुणा काय म्हणतो? 'असं कसं, काहीतरी असेल, मोकळेपणाने सांगा.' मग आपण थोडं अवघडून म्हणायचं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर एक गोष्ट आहे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस अधाशी. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आईच्या दुधाबरोबर आलं होतं. वीस वर्षं कारखान्यात काढल्यावर त्याला ठाऊक होतं की हे लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. सुरुवातीला पहिल्या 'नको'पायी चहाचे किती कप हुकले होते. पण तो कारखाना होता. हे घर होतं, आणि घरात माणूस घरच्यासारखाच वागतो.

मि. ऑल्डरसन खूश झाले. "बघा," ते फोटोग्राफरला म्हणाले, "असं उत्तर मला वर्षभरात मिळालं नव्हतं." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठले.

विष्णू गाडीपर्यंत धावत गेला. "सर, बांधावर एक चक्कर," तो म्हणाला, "समुद्र छान दिसतो."

"पुढच्या वेळी नक्की," ते म्हणाले, आणि गाडी गेली.

नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये सभा होती. बांधाचाच विषय. थंडीमुळे सगळे कोट घालूनच बसले होते. विष्णू गेला तो पार मागच्या खुर्चीत. त्याने जॉर्जला अजून नीट सांगितलं नव्हतं. 'बोलणं झालं,' एवढंच म्हणाला होता. जॉर्जने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता.

मि. ऑल्डरसन बोलायला उभे राहिले. या किनाऱ्यावरचा प्रत्येक बांध उंच हवा आहे, ते म्हणाले. एकाला हो म्हटलं तर कुणालाच नाही म्हणता येणार नाही. आणि खरंच तशी निकड आहे का? "मी गेल्याच महिन्यात इथल्या एका घरात गेलो होतो. अगदी बांधाला लागून. बाहेरून आलेलं कष्टाळू कुटुंब. त्यांना मी विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते म्हणाले, काही नको. बांधाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या माणसाला काही नको आहे. मला वाटतं, आपण सगळ्यांनी त्यांच्याकडून काही शिकायला हवं."

माना वळल्या. सगळ्या एकदम नाही, एकेक करून. जॉर्जची वळली नाही. तो समोर बघत राहिला, त्याचे कान मात्र लाल झाले. विष्णूला वाटलं, उठावं, ओरडून सांगावं. पाय उचलले नाहीत. काय सांगणार? साहेब खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

घरी आल्यावर मीनलने कोटही काढला नाही. इथेच वाढलेल्या तिचं मराठी रागात आणखी मोडायचं.

"बाबा, तुम्ही त्याला का नाही सांगितला? ही एकच गोष्ट तर सांगायचा होता."

"तो पाहुणा होता, बाळा."

"ही इंग्लंड आहे, बाबा. इथे एकदाच विचारतात. सगळ्यांना हे माहीत आहे. यू नो इट."

"तिला ओरडू नका," सुमन म्हणाली. विष्णू ओरडला नव्हता. "मी किती खुणावलं तुम्हाला. बशीकडं काय बघत होता? भजी काय पळून जाणार होती?"

विष्णू गमबूट घालून व्हॅन भरायला गेला.

नंतरचे दिवस वाईट होते. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गावच्या दुकानात सुमन गेली की बोलणं थांबायचं आणि दुकानदारीण फार गोड हसायची. नांगरायला जॉर्ज दर वर्षी ट्रॅक्टर द्यायचा. यंदा तो म्हणाला, दुरुस्तीला आहे, आणि तोच ट्रॅक्टर त्याच दुपारी कोबीच्या शेतात फिरताना विष्णूने पाहिला. जॉर्जची बायको एडना तेवढी पूर्वीसारखीच राहिली. तिचं कंबरेचं हाड गेलेलं होतं, घरातल्या घरात काठी घेऊन फिरायची. खिडकीतून सुमनला हात करायची. सुमन तिला कोथिंबिरीच्या वड्या द्यायची. एडनाला त्या तिखट लागायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी खायची.

विष्णूने शेवटी शनिवारच्या भेटीची वेळ घेतली आणि मि. ऑल्डरसनच्या ऑफिसात गेला. ठेवणीतला सूट घातला होता, तो पोटावर आवळत होता.

"सर, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. बांध पाझरतोय. माझ्या शेतात मीठ आलंय."

मि. ऑल्डरसननी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे इथे सांगायलाच हवं. त्यांनी मधेच तोडलं नाही, की हसले नाहीत.

"मि. शेलार, तुम्ही मला तुमच्याच घरात सांगितलंत की काही नको. आज म्हणता, हवंय. मी कुणावर विश्वास ठेवू?"

"आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणतात, सर."

ते थोडं गोंधळले. मग म्हणाले, "असेल. पण तुमच्या शेजारच्या खाडीवरच्या लोकांचाही बांध पाझरतोय. त्यांनी तुमच्याइतके कष्ट केले नाहीत का? तुमच्यासाठी मी त्यांच्या खिशात हात का घालू? तुम्हीच सांगा."

आजवर विष्णू हेच तर लोकांना ऐकवत आला होता.

"एक मात्र मी करू शकतो," मि. ऑल्डरसन म्हणाले. "बोर्डाचा नियम आहे की खाजगी माणसाने बांधाला फावडं लावायचं नाही. इंजिनियर, तपासणी, नकाशे, त्यातच दोन वर्षं जातात. हा मूर्खपणा आहे. जमीन तुमची, हात तुमचे. तुम्हाला परवानगी मिळवून दिली तर तुम्ही आपला बांध आपण दुरुस्त कराल का?"

विष्णू खुर्चीतून अर्धा उठला. "करू सर. का नाही करणार? आम्ही शेतकरी आहोत."

तो घरी आला तो जणू बांध बांधूनच आला. परस्पर जॉर्जकडे गेला. जॉर्ज दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"म्हणजे मंजुरी नाहीच," जॉर्ज म्हणाला.

"मंजुरी कशाला? आपणच करायचं. तो नियम काढतोय."

"नियम कुणीतरी कशासाठी तरी केला असेल, विश."

"तुला बांध हवा की इंजिनियर हवा?"

जॉर्ज समुद्राच्या बाजूला वळला. आतून एडना म्हणाली, "जॉर्ज, त्याला आत घे. थंडी आहे." मग त्याने त्याला आत घेतलं.

महिनाभरात परवानगी आली. ऑल्डरसननी शब्द पाळला. डिसेंबरात काम सुरू झालं. गल्लीतले आणखी तिघे-चौघे आले, पण रोज येणारे दोघंच, विष्णू आणि जॉर्ज. सुमन दुपारनंतर यायची. जॉर्जच्या लांबच्या शेतात चिकणमाती होती, तिथून ट्रेलरने आणायची असं ठरलं. पहिल्या काही खेपा बऱ्या गेल्या. मग पावसाने वाट चिखलली. ट्रेलर आसापर्यंत रुतला. तो काढण्यात दोन दिवस मोडले. जॉर्जची पाठ धरली. विष्णूच्या तळहातांची सालं निघाली. फिटरचे हात, मग मेथीच्या जुड्या बांधणारे, त्यांना फावड्याची सवय राहिली नव्हती. रात्री सुमन हळद-तेल लावायची आणि सकाळी तेच हात पुन्हा फावड्याला लागायचे.

"असं मार्चपर्यंत होणार नाही," विष्णू एका सकाळी म्हणाला. "माती इथलीच घेऊ. बांधाच्या आतल्या अंगाला चर खणायचा, निघेल ती माती वर टाकायची. आमच्याकडं सगळे असंच करतात. चरही होतो, बांधही होतो."

जॉर्जने फावडं टेकवलं. "आतल्या अंगाला? माझ्या बापाने तिथं कधी खणलं नाही."

"का नाही खणलं?"

"ते त्याने सांगितलं नाही. खणायचं नाही, एवढंच."

"आमच्या बापाने खणलं. त्याचा बांध अजून उभा आहे."

विष्णूच्या बापाचा बांध होता तो पावसाचं पाणी अडवणारा. चार सरी येतात, पाणी थबकतं, जिरतं. दिवसातून दोनदा अंगावर येणारा समुद्र त्या बांधाने कधी पाहिला नव्हता. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. इंजिनियर असता तर बोलला असता, आणि इंजिनियरला आता तिथे यायचं कारण उरलं नव्हतं. जॉर्ज थकला होता. विष्णूचा आवाज खणखणीत होता, कारण बऱ्याच दिवसांनी त्याला काहीतरी ठाऊक होतं.

त्यांनी चर खणला. बांधाच्या पायाशी, कंबरभर खोल, दोघांच्या शेतांच्या लांबीचा. ओली निळसर माती सुटून यायची, तिला कुजका वास असायचा. ती बांधावर चढवून धोपटायची. काम भराभर व्हायला लागलं. विष्णू त्या दिवसांत गायचासुद्धा. जानेवारीअखेर बांध बघण्यासारखा झाला, वरून सरळ, गुळगुळीत. जॉर्जने स्वतः ट्रॅक्टर आणून विष्णूचं रान नांगरून दिलं. पेपरात दोघांचा फावडी घेतलेला फोटो आला. खाली मि. ऑल्डरसनचं म्हणणं होतं, की सरकारची वाट न बघणाऱ्या माणसांमुळेच हा देश उभा आहे.

चरात पाणी साठायचं. विष्णू म्हणायचा, चांगलं आहे, पाझर चरात येतोय, शेतात येत नाही. सुमन रोज ते पाणी बघायची. एके दिवशी ते गढूळ झालं. पाण्याबरोबर बारीक माती वाहून येत होती, बांधाच्या पोटातून.

"हे असं यायला नको," ती म्हणाली.

"नवी माती आहे, बसेल," विष्णू म्हणाला.

फेब्रुवारीत अमावास्येचं उधाण आलं आणि त्याच दिवशी उत्तरेचा वारा सुटला. सकाळचा चहा व्हायचा होता. मीनल कॉलेजला गेलेली. सुमन पहिल्या टनेलचं प्लास्टिक दोरीने आवळत होती. तिला पाण्याचा आवाज आला नाही, वारा एवढा होता. तिने मान वर केली तेव्हा बांधाची नवी कड सरळ दिसत नव्हती. मध्ये ती वाकली होती. फुटली म्हणावं असं काही झालं नाही. बांध खाली बसला, पाय चरात घसरला, आणि वरून तपकिरी पाणी यायला लागलं. आधी पडद्यासारखं पातळ, मग घराएवढं उंच.

"अहो!" ती ओरडली आणि पळाली. पाणी तिच्या मागून आलं, टनेलं आडवी करत.

विष्णू घरातून बाहेर आला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. व्हॅन चालू झाली नाही. दोघं भिंतीला धरून जॉर्जच्या घराकडे गेले, कारण तिथे एडना होती आणि ते घर सखल होतं. जॉर्ज आत होता. दार उघडत नव्हतं. विष्णूने कोपराने खिडकी फोडली. एडना स्वयंपाकघराच्या टेबलावर बसली होती, रात्रीच्या गाऊनमध्ये, आणि पाणी टेबलाला लागलं होतं. तिला खिडकीतून काढताना ती किंचाळली, कंबर दुखली असणार. त्यांनी तिला ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर चढवलं आणि वर ताडपत्री धरली. भरती उतरेपर्यंत चौघं तिथेच होते. सुमनने स्वतःचा स्वेटर काढून एडनाच्या पायांना गुंडाळला, तिचे हात आपल्या काखेत धरले. एडनाचे ओठ निळे झाले होते.

"माझी मांजर," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. मग काही बोलली नाही.

हॉस्पिटलात ती आठवडाभर होती. छातीत सर्दी उतरली. जॉर्ज तिच्याजवळ असताना एका दुपारी ती गेली.

पाणी उतरलं तेव्हा शेतावर राखाडी चिखलाचा थर होता. ऊन पडलं की त्यावर पांढरं मीठ फुटायचं. टनेलांचे सांगाडे वाकडेतिकडे पडले होते. रोजच्या दोन भरत्या भगदाडातून मोकळ्या आत यायच्या आणि जायच्या. शेलारांचं बिऱ्हाड कॉव्हेंट्रीत सुमनच्या चुलत बहिणीकडे, सुप्रभाकडे, गेलं. सुप्रभाने खूप केलं. पण तिच्या नवऱ्याने 'आम्ही तेव्हाच सांगितलं होतं' हे वाक्य पहिल्याच जेवणाला म्हटलं, आणि विष्णू मान खाली घालून जेवला.

एप्रिलमध्ये पुन्हा हॉलमध्ये सभा झाली. भगदाड बुजवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. बुजवलं तर शेतं परत मिळणार होती, काही वर्षांनी का होईना. विष्णूचा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता. हॉलमध्ये एडनाच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

बोर्डाच्या इंजिनियरने नकाशा लावला. तरणा माणूस होता, त्याला हे काम आवडत नव्हतं हे दिसत होतं. त्याने पट्टीने दाखवलं. बांध वरून फुटलेला नाही, पायथ्याशी खचला. जिथे आतल्या बाजूने चर खणला होता, नेमका तिथे. चर खणला नसता तर या उधाणाला पाणी पाझरलं असतं, फार तर वरून उसळलं असतं. बांध मात्र उभा राहिला असता.

मग मि. ऑल्डरसन उठले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. इथे कुणावर दोष ठेवायला आपण जमलेलो नाही, ते म्हणाले. मिसेस पिंचबेकबद्दल मला मनापासून दुःख आहे. पण खाजगी कामामुळे खचलेला बांध सार्वजनिक पैशातून पुन्हा उभा करायचा, हे मला लोकांपुढे मांडता येणार नाही. नवा बांध मागे, रस्त्यालगत घालणं परवडेल. पुढची जमीन समुद्राला सोडावी लागेल.

"परवानगी तुम्हीच आणून दिली होती," मागून कुणीतरी म्हणालं.

"परवानगी दुरुस्तीची होती," मि. ऑल्डरसन म्हणाले. "पाया खणा, असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते कुणी ठरवलं, मला माहीत नाही."

विष्णूने खुर्चीच्या कडा धरल्या. उठायचं, असं त्याने ठरवलं होतं. येताना, दुरुस्त केलेल्या व्हॅनमध्ये सुमनला तसं म्हणालाही होता. पण पाय पुन्हा तसेच, दगडाचे.

पुढच्या रांगेत जॉर्ज उठला. टोपी हातात होती.

"मी ठरवलं," तो म्हणाला. "इथे जन्म गेला माझा. चर खणायला मीच सांगितलं. विशने फक्त फावडं चालवलं."

इंजिनियरने मान खाली घातली आणि लिहायला घेतलं. जॉर्ज बसायला लागला.

तेव्हा सुमन उठली. एवढ्या वर्षांत ती त्या हॉलमध्ये कधी बोलली नव्हती. तिचं इंग्रजी दुकानापुरतं होतं.

"नो," ती म्हणाली. "नॉट जॉर्ज. माय हजबंड से, डिग हिअर. जॉर्ज से, माय फादर नेव्हर डिग. माय हजबंड से, डिग." ती थांबली. शब्द संपले होते. "आय वॉज देअर," ती म्हणाली आणि बसली.

विष्णूने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो सगळ्यांसमोर रडायला लागला.

इंजिनियरने लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं. निर्णय तोच राहिला. नवा बांध रस्त्यालगत होणार होता.

बाहेर वारा होता. विष्णू आधीच व्हॅनमध्ये जाऊन बसला होता, काच खाली होती. जॉर्ज सुमनसमोर येऊन थांबला. त्याचे डोळे लाल होते, पण रागाचे नव्हते.

"कशाला बोललात?" तो म्हणाला. "माझं आता काय जाणार होतं? शेत गेलं, एडना गेली. एवढं माझ्या अंगावर राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

सुमनला जे म्हणायचं होतं ते इंग्रजीत नीट येत नव्हतं. तिने ते तसंच, तुटक तुटक सांगितलं. आमचंही सगळं गेलं, जॉर्ज. चूक तेवढी आमची आहे. ती तरी आमच्याकडे राहू दे.

जॉर्जने मान हलवली. टोपी घातली आणि तो रस्त्याने चालत गेला, त्याचं घर होतं त्याच्या उलट्या बाजूला.

विष्णूने सगळं ऐकलं होतं. सुमन आत येऊन बसली, तिने पट्टा लावला. किल्ली फिरवायला त्याला बराच वेळ लागला.